विश्लेषण : गाणे गावोगावी पोहोचले, गीतकाराचे नाव कुठे हरवले?

एप्रिल आला की नाणेघाटाच्या पायथ्याच्या वैशाखऱ्यापासून शहापूर-मुरबाडच्या वस्त्यांपर्यंत भीमगीतांना जोर चढतो. यातली अनेक गाणी लोककवी वामनदादा कर्डक यांची. गाणे पाठ असते, गीतकार मात्र ठाऊक नसतो. असे का होते?

वामनदादा कोण होते?

जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातील देशवंडी. पोट भरण्यासाठी ते मुंबईत आले. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईतच. दुकानांच्या पाट्या वाचत त्यांनी वाचन पक्के केले. १९४३च्या सुमारास लिहू लागलेले वामनदादा पुढे सहा दशके गावोगाव गात फिरले. ‘वाटचाल’, ‘मोहोळ’ हे त्यांचे गीतसंग्रह. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या गाण्यांची ताकद कशात होती?

लोकांच्या ओठांवरची चाल घ्यायची आणि तीत आपला विचार भरायचा. आंबेडकरी जलशांनी १९३०च्या दशकात ही वाट रुळवली होती. चाल ओळखीची असल्याने गाणे एका रात्रीत पाठ होई. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार पुस्तकाआधी गाण्यातून पोहोचला.

मग नाव का हरवले?

मैफलीत गायक गीतकाराचे नाव घेई, शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्राही असे. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा झाला. आता मोबाइलवर गाण्याच्या फाइलसोबत गीतकाराची नोंद भरावी लागते. गाणे चढवणाऱ्याने तो रकाना रिकामा सोडला की नाव संपले. डीजेच्या रिमिक्समध्ये तर शेवटचे कडवेच कापले जाते. म्हणजे नाममुद्राही गेली.

अमेरिकेत गावाकडच्या ‘कंट्री’ गाण्यांना रॉकची जोड देणारे ग्रॅम पार्सन्स १९७३ मध्ये अवघ्या २६व्या वर्षी गेले. हयातीत त्यांच्या रेकॉर्ड फारशा खपल्या नाहीत. पण वेष्टनावर गीतकार म्हणून नाव छापलेले होते. ‘कंट्री रॉक’चा वारसा सांगताना पुढच्या पिढ्यांना त्यांच्यापर्यंत पोहोचता आले. आपल्याकडे लोकप्रियता अफाट, नोंद तुटपुंजी.

कायदा काय सांगतो?

भारतात गीताचा कॉपीराइट गीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा मानधनातील वाटाही सुरक्षित केला. अडचण एवढीच की, उसन्या चालीवरच्या गाण्यात शब्द एकाचे आणि चाल दुसऱ्याची, हक्कही वेगवेगळे. आणि गीतकाराचे नावच नोंदलेले नसेल, तर वाटा कोणाच्या खात्यात जाणार?

करायचे काय?

मिरवणुकीतले गाणे थांबवण्याचा हा मुद्दा नाही. ते वाजलेच पाहिजे. पण गाणे चढवणाऱ्या कंपन्यांनी गीतकाराचा रकाना सक्तीचा करावा. विद्यापीठांनी छापील संग्रह आणि ध्वनिमुद्रणे ताडून सूची तयार करावी. जुन्या गायकांच्या घरातल्या वह्या आणि कॅसेट डिजिटल कराव्यात; हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही, कारण कॅसेटची फीत कायम टिकत नाही. जयंती मंडळांना तर एक पैसाही खर्च नाही : गाणे लावण्याआधी माइकवरून गीतकाराचे नाव घ्यावे.

ज्या माणसाने मोठेपणी अक्षरे गिरवून हजारो गाणी लिहिली, त्याचे नाव लिहिण्याचा कंटाळा शिकल्यासवरल्या पिढीने करू नये.