नंबर प्लेट कुणासाठी?

आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये एकदा सावकाश चक्कर मारा. केए-२२ च्या गाड्या तर आहेतच, पण गोव्याच्या जीए आहेत, चंदगड-गडहिंग्लजकडच्या एमएच-०९ आहेत. यातल्या काही गाड्यांचा नंबर वाचायला मात्र गुडघ्यावर बसावं लागतं. एकीवर ४१४१ हे इंग्रजी आकडे असे वळवलेत की 'दादा' वाचावं. दुसरीवर २१४ चा 'राम' झालाय. ८०५५ चा 'बॉस' तर सगळीकडेच दिसतो. काहींनी प्लेटच मडगार्डखाली दुमडून टाकली आहे. या मंडळींसमोर एचएसआरपी प्लेटचा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं, "गाडी माझी, पैसे माझे, मग प्लेट सरकारच्या मर्जीची कशाला?"

मला वाटतं, गाडी तुमची असली तरी प्लेट तुमची नाही. मालकाला आपला नंबर पाठच असतो, त्याला प्लेटची गरज काय? प्लेट असते ती तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसासाठी. रस्त्यावर पडलेल्या माणसाला किंवा त्याला उचलायला धावलेल्याला तुमच्याबद्दल एवढी एकच गोष्ट कळू शकते, आणि तीही दोन-तीन सेकंदांत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यात माझ्या मामांना मागून एका मोटारसायकलने उडवलं. मामा दूध घालून सायकलवरून परत येत होते. मांडीचं हाड मोडलं. चहाच्या टपरीवरच्या माणसाने सगळं बघितलं होतं. पोलिसांनी नंबर विचारल्यावर तो म्हणाला, "पोरगं दिसलं, गाडी काळी होती, मागं 'बॉस' लिवलेलं होतं. बाकी काय वाचता आलं नाही बघा." आता प्रत्येक सिरीजमध्ये ०००१ ते ९९९९ नंबर असतात, म्हणजे ८०५५ हा नंबर प्रत्येक सिरीजमध्ये एकेकदा येतोच. त्याच्या आधीची जी अक्षरं महत्त्वाची, ती त्या प्लेटवर मुंगीएवढी होती. गाडी सापडली नाही.

ती न सापडल्याने काय फरक पडला, ते ऐका. गाडीचा पत्ता लागला असता तर तिच्या विमा कंपनीवर दावा करता आला असता. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, तो नेमका यासाठीच. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दवाखान्याचा खर्च, बुडालेली कमाई, कायमचं अपंगत्व, सगळं बघून भरपाई ठरवतं. पण गाडीच ओळखता आली नाही, तर उरते फक्त 'हिट अँड रन'ची सरकारी योजना. १ एप्रिल २०२२ पासून त्यात मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. माणूस किती कमवत होता, घरात खाणारी तोंडं किती, याचा त्यात हिशोब नाही. मामांच्या पायात रॉड घालायचा खर्चही त्या ५० हजारांत भागला नाही. कुणाच्या तरी 'बॉस'पणाची किंमत मामांच्या घराने भरली.

आता भाषेचा मुद्दा. आपण बेळगावचे मराठी लोक, पाट्यांवरची अक्षरं आपल्याला किती लागतात हे वेगळं सांगायला नको. म्हणून कुणी अभिमानाने मराठी आकड्यांत नंबर लिहितो, तेव्हा त्याची भावना मला कळते. पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत वाहनाच्या क्रमांकाची अक्षरं इंग्रजीत आणि आकडे आंतरराष्ट्रीय लिपीत हवेत, असं म्हटलंय, आणि मला ते पटतं. उद्या चोर्ला घाटात अपघात झाला, तर बघणारा कन्नड असेल, कोकणी असेल, केरळचा ट्रक ड्रायव्हरही असेल. त्या सगळ्यांना वाचता येणारा नंबर हवा. मराठी लिहायला पेट्रोलची टाकी आहे, मागची काच आहे, अख्खी गाडी आहे की! ती वीतभर पट्टी तेवढी सोडा.

एचएसआरपीमागचा विचारही हाच आहे. ॲल्युमिनियमची प्लेट, तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक, आणि एकदा काढलं की मोडणारं लॉक. म्हणजे प्लेट चोरून दुसऱ्या गाडीला लावणं सोपं राहत नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती मुळातच येते. प्रश्न आहे तो त्याआधीच्या गाड्यांचा. कर्नाटकात त्यांच्यासाठी पहिली मुदत १७ नोव्हेंबर २०२३ होती. ती पुन्हा पुन्हा वाढली, आणि लोकांनी ते मनावर घेणंच सोडलं.

मात्र सगळा दोष लोकांवर ढकलणं मला मान्य नाही. खेड्यातल्या माणसाने ऑनलाइन अर्ज करायचा, त्यात चासी नंबर, इंजिन नंबर भरायचा, मोबाइलवर ओटीपी घ्यायचा, पैसे ऑनलाइन भरायचे आणि मग ठरल्या तारखेला शोरूम गाठायचं. ज्याच्याकडे साधा फोन आहे, त्याने काय करायचं? वर खोट्या वेबसाइटची भीती आहेच. गल्लीतल्या ज्या रेडियमवाल्याचं पोट नंबर प्लेटवर चालायचं, त्याचाही विचार कुणी केला नाही. नियम योग्य आहे म्हणून तो राबवण्याची रीतही योग्य आहे, असं होत नाही.

म्हणूनच मला आपल्या मराठी वाङ्मय मंडळाला एक सुचवायचं आहे. आपण भित्तिपत्रक काढतो, काव्यवाचन करतो. त्यासोबत एक पानभर साधी मराठी माहितीही काढूया. अर्ज परिवहन खात्याच्या अधिकृत वेबसाइटवरूनच करा. एमएचवाल्यांनी महाराष्ट्राच्या आणि जीएवाल्यांनी गोव्याच्या परिवहन खात्याकडे जा. प्लेट चोरीला गेली तर आधी पोलिसांत तक्रार द्या, मग तोच नंबर असलेली नवी प्लेट घ्या. रेडियमच्या दुकानातली नक्कल चालत नाही. पंधरा वर्षांनी नूतनीकरण करायचं ते गाडीच्या नोंदणीचं, आणि पुढे दर पाच वर्षांनी. दुसऱ्या राज्याची गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर इथला नंबर घ्यावा लागतो. एवढं जरी गावागावांत पोचलं, आणि शनिवारी दोन तास बसून आपण चार म्हाताऱ्यांचे अर्ज भरून दिले, तरी ते मराठीचंच काम आहे. भाषेचा अभिमान प्लेटवर रंगवण्यापेक्षा त्या भाषेत कुणाची तरी अडचण सोडवणं जास्त मोलाचं, असं मी मानतो.

आणि 'दादा', 'बॉस'वाल्या मित्रांनो, तुमच्यावर माझा राग नाही. फक्त गाडी स्टँडवर लावा, वीस पावलं मागे जा आणि आपलाच नंबर वाचून बघा. वाचता आला नाही, तर अर्ज कसा भरायचा ते सांगायला आम्ही आहोतच.