दवाखान्यातल्या संगणकाची नाडी कोण पाहतो?

वॉर्डात दाखल झालेल्या रुग्णाच्या खाटेशी एक तक्ता टांगलेला असतो. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब सिस्टर ठरल्या वेळी लिहून जातात आणि डॉक्टर राउंडला आले की आधी तो तक्ता हातात घेतात. आता गावोगावच्या दवाखान्यांत, लॅबोरेटरीत, औषधांच्या दुकानांत संगणक आले आहेत व ते एकमेकांना जोडलेलेही आहेत. त्यांचा तक्ता कोण लिहितो, असे विचारले तर आम्ही डॉक्टरमंडळी बहुधा गप्प बसतो. आरोग्याच्या सदरात हे संगणकपुराण कशाला, असे वाचकांना वाटेल. तुमची दहा वर्षांची साखर, सूनबाईंची सोनोग्राफी, आजोबांचा कार्डिओग्राम आता त्या यंत्रात आहे, म्हणून.

हा तक्ता लिहिणारी सॉफ्टवेअर मिळतात. प्रत्येक संगणकात एक छोटा प्रोग्रॅम बसवला जातो. डिस्क भरत आली का, अँटीव्हायरस चालू आहे का, विंडोजची नवी दुरुस्ती बसली का, रात्रीचा बॅकअप झाला का, याची खबर तो दूरच्या शहरात बसलेल्या तंत्रज्ञाला देत राहतो. गरज पडल्यास तंत्रज्ञ तिथूनच तुमचा पडदा उघडून बिघाड काढतो. माणूस एस.टी.ने येईपर्यंत रिपोर्ट खोळंबत नाहीत.

देखरेख नसली तर काय होते, हे १२ मे २०१७ रोजी इंग्लंडने पाहिले. ‘वॉनाक्राय’ नावाच्या संगणकीय रोगाने तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला गाठले. फायली कुलूपबंद झाल्या, पडद्यावर खंडणीची मागणी आली. एकोणीस हजारांहून अधिक भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्याचा अंदाज नंतर सरकारी लेखापरीक्षकांनी दिला. यातली खेदाची गोष्ट अशी की, मायक्रोसॉफ्टने या रोगावरचा उपाय १४ मार्च २०१७ लाच दिला होता. लस दोन महिने आधी आलेली. पण कोणत्या संगणकाला ती टोचली आणि कोणाला राहिली, याचा हिशेब नीट ठेवला गेला नव्हता. लसीकरणाचे रजिस्टर सांभाळणाऱ्या आमच्या आरोग्यसेविकांना हे सांगितले तर त्या हसतील!

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. दोनपेक्षा जास्त संगणक असलेल्या प्रत्येक रुग्णालयाने व लॅबने अशी देखरेख घ्यावी. मात्र मॉनिटर लावल्याने रुग्ण बरा होत नाही. तो वाजला की कोणीतरी उठून यावे लागते. तंत्रज्ञाकडे इशारा गेला आणि त्याने आठवडाभर पाहिलाच नाही, तर पैसे पाण्यात.

आता दुसरी बाजू. जो दुरून दुरुस्त करू शकतो, तो दुरून बिघडवूही शकतो. २ जुलै २०२१ रोजी ‘कसेया’ या अमेरिकन कंपनीच्या अशाच सॉफ्टवेअरमधली फट शोधून चोर आत शिरले. सुमारे १५०० व्यवसायांना त्याचा फटका बसला आणि स्वीडनमधील ‘कोऑप’ला आपली शेकडो किराणा दुकाने बंद ठेवावी लागली. किल्ल्यांचा जुडगाच चोराच्या हाती लागल्यावर एकेक कुलूप फोडण्याची गरज उरत नाही.

लहान गावात मला याहून मोठी भीती वाटते ती वेगळीच. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. क्षयाचे औषध कोणाला चालू आहे, मानसोपचाराची चिठ्ठी कोणाची, कोणाच्या मुलीचा गर्भपात झाला, ही माहिती बाहेर गेली तर एखाद्याचे लग्न मोडते, एखाद्याची नोकरी जाते. एचआयव्हीबाधितांची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन तर २०१७ च्या कायद्यानेच घातले आहे. असे असताना सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या मुलाला कायमचा पासवर्ड द्यायचा, तो नोकरी सोडून गेला तरी बदलायचा नाही, हा कारभार मला मान्य नाही. कपाटाची किल्ली आपण अशी देऊ का?

डॉक्टर बंधुभगिनींनी निदान एवढे ठरवून घ्यावे. पडदा उघडण्यापूर्वी तंत्रज्ञाने विचारावे, आपल्या माणसाने होकार द्यावा. कोण, केव्हा, किती वेळ आत होता याची नोंद राहावी व ती महिन्यातून एकदा वाचावी. पासवर्डबरोबर मोबाइलवर येणारा आकडाही लागावा. आणि बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली असावी. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर असाच हल्ला झाला, तेव्हा तिथे नोंदणीपासून रिपोर्टपर्यंत कितीतरी दिवस हाताने कामे चालली. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, ती हल्ल्यातून बचावलेल्या बॅकअप सर्व्हरवरून.

घरी फोन करून ‘हे अ‍ॅप घ्या, आकडा सांगा’ म्हणणारे भामटे पडदा पाहण्याचीच सॉफ्टवेअर वापरतात. बँकेचा माणूस असे कधी सांगत नाही. फोन ठेवून द्यावा.

रुग्णांनी जुने कागदी रिपोर्ट ‘आता सगळे काॅम्प्युटरवर आहे’ म्हणून रद्दीत घालू नयेत. रुग्णालयात दाखल झाला असाल तर जाताना डिस्चार्ज कार्डाबरोबर तपासण्यांच्या प्रती मागून घ्याव्यात. दाखल रुग्णाच्या नोंदी ३ वर्षे जपणे आणि मागितल्यावर ७२ तासांत देणे, हे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आमचे कर्तव्य आहे.