तिचं कुठं चुकलं?

मुलीला वाढदिवसाला पुस्तक द्यायचं म्हटलं की आपण ‘धाडसी मुलीची गोष्ट’ शोधतो. हातात तलवार, पाठीवर धनुष्य, भीती कशाशी खातात ते ठाऊक नाही! आपल्या मुलीला मात्र अंधाराचीही भीती वाटते आणि गणिताच्या पेपराचीही. तिनं त्या तलवारवालीत स्वतःला शोधायचं तरी कसं?

म्हणून मला हर्मायनी जवळची वाटते. ‘हॅरी पॉटर’चा पहिला भाग १९९७ साली आला. त्यात ही वर्गात सर्वांत हुशार, पण शेखी मिरवणारी. एक जादूची वेल हॅरी आणि रॉनला करकचून आवळते, तेव्हा तिला उपाय आठवतो : विस्तव! पण लाकडं कुठून आणू, म्हणून ती घाबरते. आपल्याला जादू येते हेच विसरते. रॉनला ओरडून सांगावं लागतं. पुढं बाटल्यांचं कोडं सोडवते ती मात्र हीच, तेही जादूनं नव्हे, डोकं चालवून.

फिलिप पुलमन यांच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’मधली (१९९५) लायरा तर अट्टल थापाडी. पळवून नेलेल्या मित्राला सोडवायला ती थेट उत्तरेच्या बर्फात जाते, सोडवतेही. पण पुढं तिच्या नकळत, तिच्यामुळंच त्याचा जीव जातो. ते ओझं घेऊन ती चालत राहते.

आपल्या मातीतही अशी एक आहे. काही काळ बेळगावात प्राध्यापक असलेल्या ए. के. रामानुजन यांनी कन्नड लोककथा जमवल्या. त्यातली एक मुलगी आईला हातभार लावायला फुलझाड होते. एक घागर पाणी ओतलं की झाड, दुसरी ओतली की पुन्हा मुलगी. लग्नानंतर नणंद हट्ट धरते. हिला ‘नको’ म्हणणं निभावत नाही. झाडाच्या फांद्या मोडल्या जातात आणि मुलगी अर्धीमुर्धी उरते. मोडलेलं जोडायला शेवटी नवऱ्याचे जपणारे हात लागतात. घरातल्या अज्जीला विचारून पाहा, तिला ही गोष्ट ठाऊक असेलही!

तिघी घाबरतात, चुकतात, फसतात. आपण मात्र चुकत नाही तिलाच ‘शहाणी’ म्हणतो. पुस्तक वाचून झालं की मुलीला पराक्रम तर विचाराच, पण “तिचं कुठं चुकलं गं?” हेही विचारा. सांगता सांगता ती स्वतःचंही काही सांगून जाईल. तेव्हा रागावू नका, ऐका.