मालक कोण, हे आधी विचारा!

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी करार केला. १० हजार कुशल कामगार तिकडे पाठवायचे, त्यांना येथेच जर्मन भाषा शिकवायची, असे ठरले. हळद, सोयाबीन आणि कापूस यांपलीकडे रोजगाराचा मोठा आधार नसलेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील आयटीआय झालेल्या, नर्सिंग शिकलेल्या मुलामुलींना त्यामुळे आशा वाटली असेल तर त्यात नवल नाही. आमची मुले परदेशी जावीत, मानाने जगावीत, ही चळवळीचीच इच्छा आहे. परंतु पासपोर्ट हातात येण्याआधी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे. या मुलांचा मालक कोण?

प्रश्न साधा वाटतो. तो साधा नाही. आज एखाद्या परदेशी कंपनीला पुण्यात चार इंजिनिअर नेमायचे असले आणि येथे तिचे कार्यालय नसले, तर ती मधली एक कंपनी धरते. इंजिनिअर काम परदेशी कंपनीचे करतो, पण नेमणूकपत्र, पगार, आयकर कपात, भविष्य निर्वाह निधी हे सारे मधल्या कंपनीच्या नावे होते. ही मधली कंपनी म्हणजे कागदोपत्री मालक. पगार थकला तर कोणी द्यायचा, नोकरी सुटली तर नोटीस कोणी द्यायची, हे काम सुरू होण्याआधी वकील बसवून लिहून घेतले जाते. शिकलेल्या, संघटित, इंग्रजी जाणणाऱ्या माणसासाठी व्यवस्था एवढी काळजी घेते.

आता आपल्या सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडे पाहा. दिवाळीच्या सुमारास येथून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उचल देतो मुकादम. ऊस जातो कारखान्याला. तोडणीचा दर ठरतो साखर संघाच्या बैठकीत. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ झाली, ती तेथेच. म्हणजे दर ठरविणारे कारखानदार, पण बाई फडात कोसळली किंवा गडी ट्रॅक्टरखाली आला की कारखाना म्हणतो, हा आमचा कामगार नाही, मुकादमाचा आहे. मुकादम म्हणतो, मी कुठला मालक, मीही कामगारच! मधला माणूस इंजिनिअरलाही आहे आणि ऊसतोड्यालाही आहे. फरक एवढाच की एकाच्या बाबतीत जबाबदारी आधी लिहिली जाते आणि दुसऱ्याच्या बाबतीत ती प्रेत गावी आल्यावर शोधली जाते.

हे दुखणे नवे नाही. महार वतन म्हणजे दुसरे काय होते? चाकरी सरकारची, तीही चोवीस तासांची. मोबदला मात्र गावाच्या मर्जीवरचे बलुते. राबवून घेणारा एक, देणारा दुसरा, आणि दिले नाही तर दाद कोणाकडे मागायची याचा पत्ता नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करावे आणि ती सरकारने वसूल करून चाकरी करणाऱ्यास द्यावी, ही त्यातली मागणी होती. आमच्या मराठवाड्यात तेव्हा निजामाचे राज्य होते, तो कायदा येथे लागू नव्हता. पण विचार आमचाच आहे. जो राबवून घेतो त्यानेच मोबदल्याची हमी घेतली पाहिजे.

परदेशी जाणाऱ्यासाठी हाच विचार कायद्यात अर्धामुर्धा उतरला आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची केली. त्याची फी कमाल ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी. यापेक्षा जास्त मागणारा एजंट नव्हे, लुटारू होय. संयुक्त अरब अमिरातीने २००९ पासून आणि कतारने २०१५ पासून पगार बँकेमार्फत देणे व त्याची सरकारदरबारी नोंद होणे बंधनकारक केले. कतारने २०२१ पासून १,००० रियाल किमान मूळ वेतन लागू केले. जर्मनीत १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे, पगाराच्या १८.६ टक्के रक्कम पेन्शन विम्यात जाते, निम्मी मालकाची, निम्मी कामगाराची. भारत-जर्मनी करारामुळे २०१७ पासून दोन्ही देशांतील वर्षे पेन्शनच्या पात्रतेसाठी एकत्र मोजता येतात. आखातात गेलेल्यासाठी असा करार नाही. तेथे शेवटी हाती येते ती ग्रॅच्युइटी, आणि अमिरातीत ती मूळ वेतनावर मोजतात. म्हणून करारात भत्ते फुगवून मूळ वेतन बारीक लिहिले असेल तर ती पुढील लूट आहे, हे ओळखावे.

आणि आपले सरकार? सप्टेंबर २०२० मध्ये, कोरोनाने आखातातील हजारो कामगार उघड्यावर पडले असताना, केंद्राने आखाती देशांसाठी ठरविलेले किमान वेतन ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले. कारण सांगितले, नोकऱ्या टिकाव्यात. ज्या तेलंगणातून गावेच्या गावे आखातात गेली, तेथील लोक उच्च न्यायालयात गेले, ओरड झाली आणि जुलै २०२१ मध्ये ते आदेश मागे घेतले गेले. संघटित आवाज उठला म्हणून हे झाले; मेहेरबानीने नव्हे.

देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा त्यात विलीन झाला. त्या कायद्यात कामगाराला पासबुक होते, महिन्याच्या निम्म्या वेतनाइतका विस्थापन भत्ता होता. त्यांची अंमलबजावणी फडापर्यंत पोचली नाही, हे खरे. पण मागण्यासाठी कलम तरी होते. नव्या संहितेत प्रवास भत्ता राहिला, विस्थापन भत्ता गेला. नेमणूकपत्र आणि वेतनचिठ्ठी देण्याचे बंधन मात्र आले आहे. ते बंधन मुकादमाच्या टोळीपर्यंत न्यायचे की नाही, हे आपल्या ताकदीवर ठरेल.

१९८२ साली एशियाड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबविणे ही संविधानाच्या कलम २३ खालची वेठबिगारीच होय. ठेकेदार मध्ये आहे म्हणून मूळ मालक सुटत नाही, हेही त्याच निकालात आहे. हा निकाल आमच्या किती कार्यकर्त्यांना पाठ आहे?

म्हणून आम्ही सुचवितो. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा येथील प्रत्येक बुद्ध विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास राखावा. जर्मनीला निघालेल्या मुलीचा करार तेथे मराठीत वाचला जावा आणि कर्नाटकात निघालेल्या टोळीची उचलही तेथेच वहीत लिहिली जावी. करारावर मालकाचे नाव काय, पगार कोण देणार, कापणार किती, पासपोर्ट कोणाजवळ राहणार, मेल्या-जगल्याचा विमा कोणाचा, एवढे पाच प्रश्न. उत्तरे कागदावर मिळाली नाहीत तर सही नाही आणि अंगठाही नाही. बाबासाहेबांनी आम्हाला शिकायला सांगितले ते नुसत्या पदवीसाठी नव्हे. ज्या कागदावर आपण विकले जाऊ शकतो, तो कागद आपल्याला वाचता आला पाहिजे.