गॅरी प्लेअरच्या विक्रमांशेजारी

बाप जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीत कामाला. आई कॅन्सरने गेली तेव्हा पोराचं वय आठ. गोल्फपटूने वजनं उचलू नयेत, असं जाणकार बजावत होते, त्या काळात गॅरी प्लेअर नेमाने वजनं उचलत राहिला. पुढे त्याने नऊ मेजर स्पर्धा जिंकल्या. १९७८च्या मास्टर्समध्ये, वय ४२, सात फटक्यांनी पिछाडीवर, आणि अखेरच्या फेरीत ६४ फटके! या कर्तबगारीत खोट काढता येत नाही.

अडतं ते १९६६च्या पुस्तकापाशी. त्यात प्लेअरने दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीची उघड बाजू घेतली. १९६९मध्ये अमेरिकेत डेटनच्या पीजीए स्पर्धेत निदर्शकांनी त्याच्या तोंडावर बर्फ फेकला. ती स्पर्धा त्याने एका फटक्याने गमावली. नंतर त्याने ती भूमिका टाकून दिली. १९७१मध्ये पंतप्रधान फॉर्स्टर यांची परवानगी काढून त्याने ली एल्डर या कृष्णवर्णीय अमेरिकन गोल्फपटूला मायदेशी खेळायला बोलावलं. यातून राजवटीचाच चेहरा उजळला, हा आक्षेप मला बिनबुडाचा वाटत नाही. तरीही प्रेक्षकांत काळे-गोरे भेद नको, ही एल्डरची अट तिथे मान्य झाली, हेही लहान नव्हतं. बदललेल्या माणसाला जन्मभर जुन्या पानांवरच जोखणं मला पटत नाही.

पण माफीने हिशेब पुरा होत नाही, कारण त्याच मैदानांवर पापवा सेवगोलम होता. डरबनचा, भारतीय वंशाचा, कॅडीचं काम करत शिकलेला. उजवा हात वर, डावा खाली, अशी सगळ्यांच्या उलट त्याची पकड. १९५९मध्ये त्याने डच ओपन जिंकली. १९६३मध्ये डरबन कंट्री क्लबवर नाताळ प्रांताची नाताळ ओपन जिंकली, तेव्हा क्लबहाउस गोऱ्यांपुरतं असल्याने त्याला बाहेर पावसात उभं करून चषक दिला गेला. १९६५मध्ये त्याच स्पर्धेत त्याने खुद्द प्लेअरला हरवलं. मग सरकारने त्याला मोठ्या स्पर्धांची दारं बंद केली, पासपोर्टही काढून घेतला. १९७८मध्ये, प्लेअरच्या त्या अखेरच्या मेजरच्या वर्षीच, तो गरिबीत वारला.

ही बंदी प्लेअरने घातली नव्हती. पण मेहनतीचं फळ म्हणून त्याचं चरित्र तरुणांपुढे ठेवलं जातं, तिथे माझी हरकत आहे. घाम पापवानेही गाळला होता. खेळायची मुभा मात्र एकालाच राहिली. प्लेअरचे नऊही किताब त्याचेच आहेत, त्यातला एकही कमी करू नये. चारही मेजर जिंकून त्याने ग्रँड स्लॅम पुरा केला तो १९६५मध्ये. त्या सालाच्या नोंदीत नाताळ ओपनचा निकालही छापला जावा, विजेत्याच्या नावासकट.