विद्येचें दुकान मोडतें तेव्हां

ज्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाटी-पेन्सिल शिरली नाहीं, त्याला विद्येची किंमत सांगावयास नको. पोरगें शिकावें म्हणून शेतकरी रान गहाण टाकतो, सुतार-लोहार हत्यारें मोडतो. ही भूक ओळखणारे लोक तिच्यावरच दुकान मांडून बसतात. असें दुकान कसें फुगतें व कसें बुडतें, तें अमेरिकेंतील ‘आर्ट इन्स्टिट्यूट’ नांवाच्या कॉलेजांच्या साखळीवरून पाहावें.

पिट्सबर्ग शहरीं १९२१ सालीं चित्रकलेची एक शाळा निघाली. १९७० सालीं ती एका कंपनीनें घेतली, आणि शाळेची साखळी झाली. २००६ सालीं गोल्डमन सॅक्ससारख्या धनाढ्य पेढ्यांनीं तीन अब्ज डॉलरांहून अधिक मोजून ती कंपनीच विकत घेतली. गोरगरिबांच्या पोरांनीं चित्रें काढावीं म्हणून काय? छे! तेथें सरकार विद्यार्थ्याच्या नांवें कर्ज व मदत देतें, आणि कॉलेजच्या उत्पन्नांत हा पैसा शेंकडा ९० पर्यंत असला तरी कायद्याला चालतो. पैसा सरकारचा, नफा मालकाचा, आणि कर्ज पोराच्या डोक्यावर!

मग मास्तरापेक्षां गिऱ्हाईक आणणारा मोठा झाला. २०१२ सालीं अमेरिकन सिनेटच्या समितीनें अशा ३० कंपन्यांचा हिशेब चव्हाट्यावर मांडला. उत्पन्नाच्या १०० डॉलरांपैकीं भरती व जाहिरातीवर २२ हून अधिक, नफ्यांत १९ हून अधिक, आणि शिकविण्यावर फक्त १७! गिऱ्हाईक आणणारे ३५ हजारांवर, आणि नोकरी मिळविण्यास मदत करणारे साडेतीन हजार. गळ टाकावयास दहा, हात द्यावयास एक. याला शाळा म्हणावयाचें कीं बाजार?

वरील कंपनी भरतीवाल्यांस डोईमागें पैसे देते, हा कायदेभंग आहे, असा सरकारचा आरोप होता. ही गोष्ट उजेडांत आणली ती तिच्याच जुन्या नोकरांनीं. २०१५ सालीं कंपनीनें ९ कोटी ५५ लक्ष डॉलर भरून तडजोड केली. मात्र गुन्हा कबूल केला नाहीं.

तोंवर गिऱ्हाईक आटलें होतें. त्याच वर्षीं पन्नासएक शाखांपैकीं १५ ठिकाणीं नवी भरती बंद झाली. आंत असलेल्यांना तेवढें शिकवून संपवावयाचें ठरलें. त्या मास्तराची दशा मनांत आणा. वर्ग दर महिन्याला रिता होतो आहे, शेवटचा विद्यार्थी पास होईल त्या दिवशीं आपली भाकरी सुटणार, हें ठाऊक असून त्यानें शिकवावयाचें!

२०१७ सालीं उरलेला डोलारा एका धर्मादाय संस्थेच्या पदरांत टाकला गेला. नांव बदललें, पण भोंक बुजलें नाहीं. २०१९ च्या जानेवारींत कारभार कोर्टानें नेमलेल्या माणसाकडे गेला. त्याच गोतावळ्यांतील अर्गोसी विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या हातीं पडावयाची सुमारें १ कोटी ३० लक्ष डॉलरांची सरकारी मदत नोकरांचे पगार व इतर खर्च भागविण्यांत गेली, असें शिक्षणखात्यानें ठरविलें. विद्यापीठ मार्चमध्यें बंद पडलें. नीट पाहा: मास्तराचा पगार विद्यार्थ्याच्या ताटांतून काढला गेला! गरिबाला गरिबाविरुद्ध उभें करणें, हीच अशा कारभाराची अखेरची विद्या.

शेवटचीं ८ कॉलेजें ३० सप्टेंबर २०२३ रोजीं मिटलीं. सूचना मिळाली ती जेमतेम आठवडाभर आधीं. गड्याला कामावरून काढतांनाहि गांवचा पाटील याहून अधिक मुदत देतो. २०२४ च्या मे महिन्यांत सरकारनें ३ लक्ष १७ हजार कर्जदारांचें ६१० कोटी डॉलरांचें कर्ज माफ केलें. बरें केलें, पण तो भार कोणावर पडला? करदात्या रयतेवर. पेढीवाल्यांचा पैसा बुडालाहि असेल, पण पेढी बुडाली नाहीं. आणि विद्यार्थ्याचीं गेलेलीं वर्षें कोणता खजिना परत करणार?

कोणी शहाणे म्हणतील, मास्तरांनीं तेथें चाकरी कां धरली? अहो, तिफण कोणत्या रानांत न्यावी हें बैल ठरवीत नाहीं. दोष चाकराचा नाहीं. विद्येला माल व विद्यार्थ्याला गिऱ्हाईक मानणाऱ्या धंद्याचा आहे.

आमच्याकडे कॉलेज उघडपणें नफ्यासाठीं चालवितां येत नाहीं, देणगी उकळण्यास महाराष्ट्रांत १९८७ पासून कायद्याची बंदी आहे, म्हणून कोणी गाफील राहूं नये. कायदा कागदावर असतो, गळ पाण्यांत असतो. तेव्हां बंधूंनो, बैल घेतांना दांत पाहतां ना? मग रान गहाण टाकण्यापूर्वीं कॉलेजच्या दारांत उभे राहून विचारा: तुमच्याकडे कायमचे मास्तर किती, आणि त्यांचा पगार वेळेवर होतो काय? ज्या घरांत शिकविणारा उपाशी, त्या घरांत आपलें पोर घालूं नका.