अभिप्रायार्थ दोन प्रती

पुस्तक बाहेर पडले रे पडले, की पत्रे येतात: ‘परीक्षणार्थ दोन प्रती पाठवाव्यात.’ फुकट प्रत कायदाही मागतो. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत द्यावी लागते. पण तेथे ती निदान जपली जाते!

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने पदरमोड करून कवितासंग्रह छापला. ‘अभिप्रायार्थ सप्रेम’ लिहून ४० प्रती धाडल्या. २५० रुपयांप्रमाणे दहा हजारांचा माल! परीक्षणे आली दोन. एक प्रत मात्र तिला जुन्या पुस्तकांच्या गाडीवर भेटली, अगदी कोरी करकरीत.

तेव्हा लेखकाने मागणाऱ्याला नम्रपणे विचारावे, परीक्षण कोण लिहिणार आणि कोठे छापणार? उत्तर आले, तर त्याच दिवशी प्रत टपालात टाकावी. ‘चांगलेच लिहा’ अशी गळ घालू नये. उत्तर न आल्यास ती प्रत १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावी. तेथे परीक्षण नसेल, पण वाचक भेटेल.

आणि वाचकहो, ओळखीच्या लेखकाला ‘आमची प्रत कुठे?’ असे विचारू नका. ‘किंमत किती?’ असे विचारा. त्याची दिवाळी गोड होईल.